संस्थांच्या गरजांच्या यादीत हिशेबनीसही लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सामाजिक संस्थांना मदत करा असं आवाहन आपल्या अंकात अधूनमधून येतं. ते येत राहावं. पण संस्थेच्या गरजा म्हणून जी यादी छापली जाते, तिच्यात शिलाई मशीन, धान्य, वह्या, सोलर दिवे, रुग्णवाहिका असं सगळं असतं. हिशेब लिहिणारा माणूस मात्र मला त्यात एकदाही दिसला नाही. म्हणून हे पत्र.

मी चिपळूणची. पतसंस्थेतली नोकरी संपल्यावर एकल महिलांसाठी काम करणाऱ्या इथल्या एका लहान संस्थेची खजिनदार झाले. पद बिनपगारी, हे सांगायला नकोच. शिवणवर्ग आणि बालवाडी चालवतो, विधवा पेन्शनचे अर्ज भरून देतो. कामाबद्दल कोणी बोट दाखवू शकणार नाही. लहान संस्था मरतात त्या बहुधा कामाच्या बाजूने मरतच नाहीत, कागदाच्या बाजूने मरतात.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमचं तळमजल्यावरचं कार्यालय कपाटाच्या वरच्या खणापर्यंत बुडालं. कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावतीपुस्तकं, व्हाउचरच्या फायली, इतिवृत्ताची वही, सगळ्यांचा एकच लगदा झाला. इतिवृत्ताची पानं आम्ही एकेक सोडवून दोरीवर वाळत घातली. बॉलपेनच्या सह्या टिकल्या होत्या. जेल पेनने ज्यांनी झोकात सह्या ठोकल्या होत्या, त्या जागी नुसते निळे डाग. नेमकं त्याच वर्षी आयकर खात्याने देशातल्या जुन्या धर्मादाय संस्थांना फेरनोंदणी सक्तीची केली होती. फॉर्म १०ए ऑनलाइन भरायचा, सोबत घटना, नोंदणी प्रमाणपत्र, आयकर सवलतीचा जुना १२ए आदेश, मागचे ताळेबंद जोडायचे. पूर आला तेव्हा मुदत ३१ ऑगस्टची होती. ऑगस्ट संपता संपता ती मार्च २०२२ पर्यंत वाढली म्हणून आम्ही तरलो. रत्नागिरीला धर्मादाय कार्यालयात नकलांसाठी अर्ज, सीएकडे ताळेबंदाच्या प्रती, आणि घरोघरी चिखल उपसण्याचं काम चालू असताना मध्येच ओटीपी.

त्या दिवसांत मुंबई-पुण्याहून ट्रकच्या ट्रक मदत आली. देणाऱ्यांचे उपकार मी विसरलेले नाही. ब्लँकेटं मात्र इतकी आली की ठेवायला जागा उरली नाही. हायवेलगतच्या वस्तीत एकेका घरात तीन-तीन किट गेली आणि आतल्या वाड्यांत एकही नाही, कारण कोणाकडे काय पोचलं याची एकत्र यादी कोणीच केली नव्हती. ती करायला संगणकावर बसणारा एक माणूस दोन महिने पगारावर हवा होता. आम्ही एका देणगीदाराकडे तेवढेच पैसे मागितले. उत्तर आलं, ‘आम्ही प्रशासकीय खर्चाला देत नाही.’

हे वाक्य ऐकलं नाही असा खजिनदार महाराष्ट्रात सापडायचा नाही. कंपन्या तर थेट सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चाच्या, नियमांतल्या प्रशासकीय खर्चाच्या पाच टक्के मर्यादेवर बोट ठेवतात. नियम नीट वाचला तर ती मर्यादा कंपनीने स्वतःचा सीएसआर विभाग चालवण्यासाठी केलेल्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेतल्या बालवाडीताईच्या मानधनाला ती लावायचं काहीच कारण नाही. तरी लावतात. आमच्या शेजारी लोटे, खेर्डी, गाणे-खडपोलीत कारखाने आहेत. सीएसआरपोटी द्यायच्या नफ्याच्या दोन टक्क्यांतला काही पैसा आमच्या तालुक्यात येतोही, पण बराचसा बाहेरच्या मोठ्या संस्थेच्या हातून. त्या संस्थेचा माणूस मग गावं दाखवायला आम्हालाच फोन करतो.

मोठ्या संस्थेला पैसा का मिळतो, हेही मला कळतं. कंपनीचा माणूस आधी शेड्यूल वन मागतो, म्हणजे धर्मादाय कार्यालयातला विश्वस्तांच्या नावांचा उतारा. आमच्यासारख्या कितीतरी संस्थांच्या उताऱ्यावर अजून स्वर्गवासी माणसं विश्वस्त आहेत. विश्वस्त वारला किंवा बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाच्या नोंदीचा अर्ज, द्यायचा असतो. त्याला मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस, ठराव, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, सगळं लागतं. माणूस गेल्याच्या दुःखात हे राहतं, पुढच्या निवडणुकीचंही राहतं, आणि दहा वर्षांनी त्याची अशी साखळी होते की सोडवायला वकील लागतो. तीच गत देणग्यांची. वर्षभरातल्या देणगीदारांची यादी ३१ मेच्या आत आयकर खात्याच्या १०बीडी फॉर्ममध्ये गेली नाही, तर दिवसाला २०० रुपये शुल्क. त्या यादीत देणगीदाराचा पॅन, आधार असा कुठला तरी ओळख क्रमांक लागतो. वडिलांच्या श्राद्धाला अकराशे रुपये देणाऱ्या माणसाला पॅन विचारून बघा, तो तुमच्याकडे कसा पाहतो ते. २०२५ मध्ये पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांची आयकर नोंदणी पाचऐवजी दहा वर्षांची केली, ही खरोखर चांगली गोष्ट झाली. बाकीचं रहाटगाडगं चालूच आहे.

प्रशिक्षणं होतात, नाही असं नाही. मीही गेले आहे. हॉटेलचा वातानुकूलित हॉल, पडद्यावर इंग्रजी स्लाइड, विषय ‘प्रपोजल रायटिंग’, दुपारी गुलाबजाम. शेजारी बसलेल्या बचत गटाच्या ताईंनी हळूच विचारलं, ‘व्हाउचरवर अंगठा चालतो का हो?’ हा त्या दिवसातला सगळ्यात कामाचा प्रश्न होता आणि तो व्यासपीठापर्यंत पोचला नाही. संस्थांना हवंय ते असं की फेब्रुवारीत, अंदाजपत्रक द्यायच्या आधी, तालुक्याच्या ठिकाणी टेबलं मांडा. ज्याने त्याने आपली कीर्द, बँक पासबुक, शेड्यूल वन घेऊन यावं. समोर एक सीए, एक धर्मादाय कार्यालयातला जाणकार. तिथल्या तिथे वही उघडायची, चूक दाखवायची, अर्ज भरूनच उठायचं. भाषण एकही नको, दीपप्रज्वलनही नको.

दुसरं, एका संस्थेला हिशेबनीस परवडत नसेल तर सहा संस्थांनी मिळून एक ठेवावा. आठवड्याचा एकेक दिवस एकेका संस्थेचा. पगार सहा जणांत वाटला की बालवाडीच्या खाऊच्या खर्चाइतकाही भार पडत नाही. अडचण पैशाची नाहीच. आपला हिशेब दुसऱ्या संस्थेच्या माणसाने पाहिलेला कोणाला आवडत नाही, ही खरी अडचण. काही संस्थांचे अध्यक्ष तर एका मांडवात बसत नाहीत. पण पुरानंतर नदीतला गाळ काढायच्या मागणीच्या वेळी बसलेच ना? २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केलं तेव्हा सगळ्या पक्षांची, पंथांची माणसं तिथे होती. नंतर जलसंपदा विभागाची आणि नाम फाउंडेशनची यंत्रं नदीत उतरली, गाळ निघाला.

आमच्या शहरातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. २००५ च्या पुरात भिजलं, २०२१ च्या पुरात पुन्हा भिजलं, तरी उभं राहिलं. बाहेरून पुस्तकं आली, निधी आला, ते झालंच. पण माझ्या मते ते टिकलं ते वर्गणीदारांवर. दरमहा वर्गणी देणारा माणूस संस्थेला जाब विचारतो, आणि तो जाब हिशेब शिस्तीत ठेवायला भाग पाडतो. लहान संस्थांना देणगीदार असतात, सभासद नसतात. आमच्या वार्षिक सभेला कोरमसाठी चहाच्या टपरीवरून माणसं बोलवावी लागतात. वाचकांनी वर्षाला हजार रुपये पाठवण्याऐवजी शंभर रुपयांचं सभासदत्व घेऊन सभेला येऊन बसावं आणि ताळेबंदातला एक तरी आकडा विचारावा, हे मी खजिनदार असून सांगते आहे.

कॉलेजांनाही एक विनंती. नव्या शैक्षणिक धोरणात विद्यार्थ्यांना फिल्ड प्रोजेक्ट आणि समाजकार्याचे श्रेयांक आहेत. बी.कॉम.ची मुलं त्यासाठी झाडं लावतानाचे फोटो जोडतात. त्याऐवजी दोघा-दोघांना एकेका संस्थेत तीन महिने पाठवा. बँक जुळवणी पत्रक, म्हणजे कीर्द आणि बँकेच्या नोंदी ताडून पाहणारा तक्ता, खऱ्या पासबुकावरून करायला मिळालं तर मुलं शिकतील आणि आमचीही मार्चअखेर सुटसुटीत होईल.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे एखाद्या संस्थेवर लिहिताना ‘तुमचा हिशेब कोण लिहितं आणि त्याला पगार कोण देतं’ एवढं जरूर विचारावं आणि उत्तर छापावं. फेब्रुवारीतल्या टेबलांसाठी आमची जागा देते. शिवणवर्ग दुपारी दोनला सुटतो, त्यानंतर संध्याकाळपर्यंत खोली मोकळीच असते. सीए आणि सरकारी जाणकार यांची व्यवस्था मात्र कोणीतरी करायला हवी.

आपली,
एका संस्थेची खजिनदार, चिपळूण