आगरवाड्याच्या तात्यांस, हिवाळी पक्षीनोंदींबद्दल आभार

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या हिवाळ्यात उत्तर गोव्यातल्या पेडण्यातून पाणपक्ष्यांच्या ज्या वेगळ्या नोंदी झाल्या, त्यांतल्या बऱ्याच शापोरा नदीकाठच्या मिठागरांतल्या आहेत. यादीवर नावे आमची लागली. पण कुठल्या वाफ्याचे पाणी कोणत्या दिवशी सुटणार, हे तुम्ही आदल्या संध्याकाळी कळवत राहिलात म्हणून ते पक्षी आमच्या नजरेला पडले. हे पत्र मुद्दाम उघड लिहीत आहोत. तुमच्यासारखे काम करणाऱ्या बाकीच्या मिठागरवाल्यांनी ते वाचावे, आणि दुर्बीण गळ्यात अडकवून बांधावर येणाऱ्यांनीही वाचावे.

पावसाळ्यात गोड्या पाण्याने भरलेले वाफे तुम्ही नोव्हेंबर-डिसेंबरात मानशीतून (पाणी सोडायच्या दारातून) रिकामे करता, बांधांना चिखल लावता, तळ चोपून सपाट करता. मीठ धरेपर्यंत जानेवारी-फेब्रुवारी उजाडतो. या मधल्या दिवसांत तळाचा चिखल उघडा पडतो आणि त्यातले कृमी, अळ्या, बारीक खेकडे पक्ष्यांच्या चोचीच्या टप्प्यात येतात. अशी स्थिती एका वाफ्यात दोन-तीन दिवसच टिकते. मग उन्हाने वरची साय घट्ट होते आणि पक्षी पुढच्या वाफ्याकडे सरकतात. पुढे त्याच वाफ्यात पाणी आटत 25 अंश बोमेपर्यंत (बोमे हे खारटपणाचे माप) खारट झाले, की मिठाचे दाणे धरतात, पण पक्ष्यांना खायला फारसे काही राहत नाही. त्यामुळे ‘मिठागरात पक्षी आहेत का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. कोणत्या वाफ्यात आज किती पाणी आहे, हे विचारावे लागते, आणि त्याचे उत्तर फक्त तुमच्याकडे असते.

पाण्याची खोली बोटांनी मोजण्याची तुमची रीत आम्ही आता नोंदीच्या वहीत उतरवली आहे. दोन बोटे पाणी असेल तर चिलखे आणि छोट्या तुतारी हे चिखलात चरणारे लहान पक्षी उतरतात. चार बोटांवर मध्यम तुतारी आणि टिलवे चालतात. वीतभर पाण्यात शेकाट्या आणि पाणटिवळे हे लांब पायांचे पक्षी सोडले तर चालत चरणारे थोडेच उरतात. एकाच सकाळी शेजारशेजारच्या तीन वाफ्यांत तीन वेगळ्या खोल्या मिळाल्या तर सगळा मेळा एका जागी पाहता येतो. पाणी टप्प्याटप्प्याने सोडायचे हे तुम्ही मिठाच्या सोयीसाठी ठरवता, पण पक्ष्यांना त्याचा मोठा आधार होतो.

भरतीचा हिशेबही तुम्हीच पक्का करून दिलात. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ येते: द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते, म्हणून मुरगाव बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्यावी. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत नदीतल्या चिखलवाटा पुरत्या बुडत नाहीत, पक्षी तिथेच चरत राहतात आणि मिठागर ओस दिसते. उधाण, म्हणजे मोठी भरती, जवळ आले की चिखल बुडतो आणि सगळे थवे विसाव्याला तुमच्या बांधांवर येतात. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशी भरती उशिरा येते. तोवर ऊन चढून चिखलावरची हवा थरथरायला लागते, आणि कितीही महागडी लेन्स असली तरी पिसांच्या कडा फोटोत विरघळतात. त्रयोदशी-चतुर्दशी उत्तम: थंड हवेत, भरतीच्या दीड-दोन तास आधी, सूर्य पाठीशी घेऊन बसावे आणि थवे आपणहून येऊ द्यावेत.

अशा विसावलेल्या थव्यातच दुर्मीळ पक्षी लपलेला असतो. डिसेंबरात सगळेच करडे-तपकिरी दिसतात. आपल्या किनाऱ्यावरचे लहान वाळूचिलखे मुख्यतः लडाख-तिबेटकडे वीण करणारे. 2023 पासून त्यांना सायबेरियातल्या भाऊबंदांपासून वेगळी जात मानतात. मोठा वाळूचिलखा ओळखताना नुसत्या आकारावर जाऊ नये. त्याची चोच लांब असते. चोचीच्या मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतराहून अधिक भरते, आणि उडताना पायाची बोटे शेपटीबाहेर दिसतात. ब्रॉड-बिल्ड सँडपायपर या छोट्या तुतारीला दुहेरी भुवई असते आणि चोच टोकाशी एकदम खाली मोडल्यासारखी वळते. ग्रेट नॉट तर जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. एखादाच थव्यात उभा असतो, शेजारच्या तुतारींपेक्षा अंगाने भरीव, छातीवर दाट ठिपके.

चुका होतात त्या बहुधा चिखलामुळे. मिठागराचा काळा चिखल गुडघ्यापर्यंत लागला की नारिंगी पायांची टेरेक तुतारीही काळ्या पायांची वाटते. चोचीला गाळ चिकटला की चोच जाड दिसते. पक्षी स्वच्छ पाण्यातून चालेपर्यंत थांबायचे, एवढाच उपाय. नोंद तपासणाऱ्याला चार फोटो लागतात: बाजूने पूर्ण अंग, उडताना उघडलेला पंख व कंबरेचा रंग, मिटलेल्या पंखाचे टोक, आणि ओळखीच्या पक्ष्याशेजारी उभा असलेला. एकच सुंदर फोटो पाठवला तर नोंद बहुतेक वेळा अडकते. पायात कडी किंवा रंगीत पट्टी असेल तर रंग वरून खाली लिहावेत आणि डावा पाय म्हणजे पक्ष्याचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे. ही माहिती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावी.

खोल पाण्याच्या वाफ्यात एखादा छोटा पक्षी पोहत गरगर फिरताना दिसला, डोळ्यामागे काळा डाग असला, तर तो रेड-नेक्ड फॅलारोप. अरबी समुद्रात हिवाळा काढणारा हा पक्षी किनाऱ्याच्या आत क्वचितच येतो. गोल फिरून तो तळाचे भक्ष्य वर खेचतो. तेवढे पाणी त्या वाफ्यात राहावे म्हणून मानशीचे दार काही दिवस बंद ठेवणे म्हणजे तुमचे काम तेवढे लांबणे. हे आम्ही जाणतो, तात्या.

आणि बांध! नवा चिखल लावलेल्या बांधावर एक पाय रुतला की बारीक चीर पडते, रात्रीच्या भरतीला पाणी झिरपते आणि तापत आलेले पाणी पुन्हा पातळ होते. हिवाळ्यात रात्रीची भरती दिवसापेक्षा मोठी, म्हणून नुकसान सकाळी कळते. तरी तुम्ही कुणाला हाकलले नाहीत. जुन्या, गवत धरलेल्या बांधावरून दोघा-दोघांनी जायचे, वाकून बसायचे, आकाशाच्या पार्श्वभूमीवर उभे राहायचे नाही, अशी शिस्त लावून दिलीत. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना वर केल्या की मागे सरा, हे आमच्यातल्या अनुभवी लोकांनाही तुमच्याकडून पुन्हा ऐकावे लागले. भटकी कुत्री विसाव्याच्या बांधावर जाऊ नयेत म्हणून भरतीच्या वेळी तुम्ही स्वतः टोकाला जाऊन बसता, त्याचे मोल फार आहे. भरतीला एकदा उठलेला थवा बसायला दुसरी जागा शोधत उडत राहतो आणि साठवलेली चरबी फुकट जाळतो.

मिठाला भाव नाही, मजूर मिळत नाहीत, आणि उत्तर गोव्यातली कित्येक मिठागरे सोडून दिली गेली आहेत. सोडलेल्या आगराचा बांध फुटला की तिवरे उगवतात. तिवरांचे मोल आहेच, पण विसावणाऱ्या थव्याला चारी बाजू मोकळ्या लागतात. तुमचे आगर चालू आहे म्हणून ही मोकळी जागा टिकली आहे.

जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना आहे. आम्ही सगळे बांधाच्या चिखलकामाला गणनेच्या आदल्या आठवड्यात येतो. टोपल्या आणि फावडी आमची आम्ही आणू. वाफ्यांचे नकाशे आणि पक्ष्यांची मराठी यादी तुमच्या खोपीत लावायला छापून आणत आहोत. त्यात प्रत्येक नोंदीखाली वाफा आणि पाण्याची बोटे लिहिली आहेत. चुकले असेल तिथे दुरुस्त करून द्या. आणि नदीकडच्या मोठ्या वाफ्याचे पाणी त्रयोदशीच्या आधी सुटणार की नंतर, तेवढे कळवा.

आपले कृतज्ञ,
पेडणे-बार्देशातील पाणपक्षी मोजणारे