दहा मार्कांचं पत्र

मिरज, रविवार

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रडलीस आणि मी "बरं बरं, जेवलीस का" एवढंच म्हणाले. तुला ते लागलं असणार. पण रडणाऱ्या माणसाशी मला फोनवर बोलता येत नाही, समोर असलं की हात तरी धरता येतो. म्हणून लिहिते.

तुझा ओईटीचा, म्हणजे ब्रिटनला नर्स म्हणून जायला द्यायच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवला. लिसनिंग 360, रीडिंग 350, स्पीकिंग 370. रायटिंग 290. तिकडच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलला पहिल्या तिन्हींत 350 लागतात आणि लिहिण्यात 300. बाबा म्हणाले, "एवढ्या जवळ जाऊन?" मी म्हटलं, जवळ गेली म्हणूनच रडतेय, लांब राहिली असती तर झोपली असती.

गणपतीत आलीस तेव्हा तुझी सरावाची फाईल इथंच राहिली. ती मी दोन दुपारी बसून वाचली. तुझं इंग्रजी माझ्याहून कितीतरी चांगलं, तेव्हा व्याकरणाबद्दल मी काय बोलणार! पण 31 वर्षं वॉर्डात ओव्हर, म्हणजे ड्यूटी बदलताना पेशंटची माहिती, दिली आणि घेतली आहे, आणि ही परीक्षा म्हणजे कागदावर दिलेली ओव्हरच आहे, एवढं मला कळलं.

तुझ्या फाईलमधले ते कंबरेचा सांधा बदललेले 72 वर्षांचे आजोबा घे. घरी जाताहेत आणि घरी येऊन बघणाऱ्या नर्सला पत्र लिहायचं आहे. आधीची 5 मिनिटं नुसतं वाचायचं, मग 40 मिनिटं लिहायचं, मजकूर साधारण 180 ते 200 शब्दांचा. तू लिहिलेस 280. त्यात आजोबांचे टॉन्सिल्स 1962 साली काढले तेही आहे. चार दिवसांचं बीपी रोजच्या रोज आहे, आणि ते रोज नॉर्मल आहे! टाके कधी काढायचे हे तिसऱ्या परिच्छेदात. रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन घरी कोण टोचणार, ते त्याच्याही खाली. आणि ते दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात, लिफ्ट नाही, हे सगळ्यात शेवटी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं.

नाईटच्या सिस्टरला तू अशी ओव्हर देशील का? ती पर्स ठेवता ठेवता विचारते, "सात नंबरचं काय?" तेव्हा तू टॉन्सिल्सपासून सुरुवात करतेस? तिथं तू पहिल्या वाक्यात सांगतेस की काय झालंय आणि तिनं काय करायचंय. मग कागद समोर आला की तुला असं का वाटतं की सगळं माहीत आहे हे दाखवायला हवं? पत्र लिहायला पेशंटची माहिती देतात त्या केसनोट्समध्ये नको ते मुद्दाम घातलेलं असतं, तू काय गाळतेस ते बघायला. तुझ्याच फाईलमध्ये मार्क कसे देतात त्याचा कागद आहे. पत्र कशासाठी लिहिलं हे लगेच कळतं का, याला 3 पैकी मार्क. बाकी पाच गोष्टींना 7 पैकी, आणि त्यातली एक आहे आटोपशीर लिहिणं. तुझे दहा तिथंच गळले असावेत असा माझा अंदाज.

क्लासनं पाठ करून घेतलेली ती वाक्यं मात्र मला अजिबात आवडली नाहीत. एवढी फी घेऊन हे! बाराही पत्रांत शेवटचा परिच्छेद शब्दाला शब्द तोच. आजोबांनाही तोच, बाळंतिणीलाही तोच.

तुझ्या हॉस्पिटलमधली मुलगी म्हणते आयईएलटीएस, ती सगळ्यांसाठी असलेली इंग्रजीची परीक्षा, सोपी, म्हणून तू ती देणार म्हणतेस. तिकडे दोन्ही चालतात, खरं आहे. पण तिथं रायटिंगमध्ये साडेसहा बँड आणि बाकी तिन्हींत सात लागतात. आणि लिहायचं काय, तर संग्रहालयांना तिकीट असावं की नसावं असल्या विषयावर 250 शब्द. तुला संग्रहालयाचं काय पडलंय? पेशंट तरी ओळखीचा आहे. तुझी तू ठरव, पण मला विचारशील तर बदलू नकोस.

ऐकण्याच्या वहीत तू पेशंटचे शब्द लिहिलेत ते वाचताना मजा आली. आपल्याकडे हातापायाला मुंग्या येतात, त्यांच्याकडे टाचण्या आणि सुया, पिन्स अँड नीडल्स! लघवीच्या तक्रारीला म्हातारी माणसं वॉटरवर्क्स म्हणतात, म्हणजे नगरपालिकेचा पाणीपुरवठा. हसू नकोस, आपल्या वॉर्डात "जिवाची घालमेल होते" म्हणणाऱ्या बाईचं काय करायचं हे केरळच्या सिस्टर्सना मीच समजावून सांगायची. ही वही वाढव.

परत बसायचं म्हणजे चारही पेपर द्यायचे, स्पीकिंगसुद्धा. त्यात पेशंटशी बोलून दाखवायला कार्ड देतात, त्यातलं एक वाचून माझं मन मागं गेलं. पेशंट इन्सुलिन घ्यायला तयार नाही, त्याच्याशी पाच मिनिटं बोला. तू पेन्सिलीनं समोर लिहिलंयस, आधी फायदे सांगायचे. मीही आधी फायदेच सांगितले होते. ती बाई शेतमजुरीला जाणारी, तिसऱ्यांदा शुगर वाढून आलेली. मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झापलं, "मरायचंय का तुला?" ती खाली मान घालून बसली. दोन दिवसांनी झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला सांगितलं, "सिस्टर, तिच्या घरात फ्रिज नाही, आणि ते सांगायची तिला लाज वाटते." मग आम्ही तिला मटक्यात मटकं ठेवून मध्ये ओली वाळू कशी भरायची ते दाखवलं. पुढं ती आली ती फक्त तपासायला. साठ पेशंटना एक सिस्टर असली की कोण विचारत बसतं, हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. या परीक्षेत "तुम्हाला काय अडचण वाटते?" असं आधी विचारण्याला मार्क आहेत हे वाचलं आणि फाईल मिटून थोडा वेळ तशीच बसले.

आता कामाचं. दर रविवारी एक पत्र लिही, घड्याळ लावून, आणि फोटो पाठव. मी ते नाईटच्या सिस्टरसारखं वाचीन, म्हणजे घाईत. जे मला पहिल्या दोन ओळींत कळणार नाही त्याखाली लाल रेघ. व्याकरण तुझ्या त्या मैत्रिणीकडून तपासून घे.

फी मी भरते. तुझ्या बँकेतल्या पैशाला हात लावू नकोस. बाबा बुधवारी पुण्याला येताहेत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि भडंग पाठवते. नाईट करून आलीस की उपाशी अभ्यासाला बसू नकोस.

तुझी,
आई

ता. क. ते आजोबा दुसऱ्या मजल्यावर एकटे राहतात ना, मग त्यांना दूध-भाजी कोण आणून देतं? कागदात मला कुठं दिसलं नाही. तुला दिसलं तर कळव.