हृदयाचे काप करायला शिकवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

ट्रिपॅनोसोमा क्रूझी या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या शागस रोगाच्या अभ्यासात उंदराच्या रक्तातले परजीवी मोजणं लवकर जमतं. शेपटीतून ५ मायक्रोलिटर रक्त घ्यायचं, त्यावर २२ बाय २२ मिलिमीटरची कव्हरस्लिप ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ५० फील्डमधले (एका वेळी दिसणाऱ्या भागांतले) परजीवी मोजायचे. पण ट्रिपॅनोसोमा क्रूझीच्या कोलंबियन स्ट्रेनचा (वाणाचा) संसर्ग दिलेल्या सी५७ ब्लॅक ६ या प्रयोगशाळेतल्या जातीच्या उंदरात काही आठवडे चढलेला आकडा पुढे उतरतो आणि मग रक्तात काही दिसेनासं होतं. त्याच काळात हृदयाच्या स्नायूत दाह धुमसत असतो, मेलेल्या पेशींच्या जागी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साठत जातं. कार्लोस शागस यांनी १९०९ मध्ये ब्राझीलमध्ये ओळखलेल्या या रोगात काही माणसांचंही असंच होतं: रक्त वरवर स्वच्छ, हृदय मात्र पोखरलेलं. म्हणून सगळी भिस्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या हृदयाच्या पातळ कापांवर असते, आणि ते कसे करावेत हे तुम्ही शिकवलंत.

हृदय काढल्याबरोबर पीबीएसने (फॉस्फेट मिसळलेल्या खारट द्रावणाने) धुऊन कप्प्यांतलं रक्त बाहेर काढा, हा तुमचा पहिला आग्रह. गुठळी राहिली तर ऊती टिकवणारं फॉर्मेलिन आत नीट पोचत नाही आणि काप फाटतो. हृदय जेमतेम १५० मिलिग्रॅमचं, त्याला १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन निदान वीसपट, म्हणजे ३ मिलिलिटर तरी हवं. २४ ते ४८ तास पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर पुढे अँटिबॉडीने रंगवताना अँटिजेन (अँटिबॉडी ज्यांना चिकटते ते रेणू) नीट सापडत नाहीत.

दाह विखुरलेला असतो, हे तर तुम्ही मनावर कोरलंत. एकच काप पाहून ‘हृदय चांगलं आहे’ म्हणणं धोक्याचं. म्हणून वेगवेगळ्या पातळ्यांवरचे ५ मायक्रॉनचे काप घ्यायचे, कर्णिका कापून टाकायच्या नाहीत. अ‍ॅमॅस्टिगोटचा (पेशीच्या आत राहणाऱ्या गोल परजीवींचा) पुंजका दिसलाच, तर केंद्रकाशेजारी गडद काडीसारखा कायनेटोप्लास्ट, म्हणजे परजीवीच्या डीएनएचा गठ्ठा, शोधायचा. टॉक्सोप्लाझ्मा या दुसऱ्या परजीवीत तो नसतो. जुन्या संसर्गात पुंजके क्वचितच दिसतात, म्हणून ते नसण्याला फार अर्थ द्यायचा नाही, हेही तुमचंच सांगणं.

कोलॅजन लाल रंगवणाऱ्या पिक्रोसिरियस रेडचं तुमचं तंत्र तर अमूल्य. रंगात पूर्ण एक तास, मग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घातलेल्या पाण्यात धुणं. साध्या पाण्यात धुतलं तर कोलॅजनवरचा रंग निघून जातो आणि फायब्रोसिस (कोलॅजनचा साठा) खोटंच कमी दिसतं. बेन्झनिडाझोल हे शागसवरचं औषध दिलेल्या आणि न दिलेल्या उंदरांच्या स्लाइड्स एकाच दिवशी, एकाच ट्रेमध्ये रंगवायच्या. नाहीतर औषधाचा परिणाम म्हणून आपण रंगाच्या छटेतला फरक मोजत बसतो.

ही शिस्त तुम्ही हातचं काही न राखता दिलीत. मनापासून आभार.

आपले ऋणी,
परजीवी व हृदयरोग प्रयोगशाळेतील सर्वजण