सिकलचा निरोप पेशी का फाडत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिकलसेलवरील आपल्या लेखात ‘एमआरएनए नाजूक असतो, काम झाले की आपोआप नष्ट होतो’ असे वाक्य आहे. बारावीची पोरंही पेपरात हेच लिहितात. आपोआप काही होत नाही. एमआरएनए म्हणजे प्रथिन कसे बनवायचे हे सांगणारा जनुकाचा निरोप; कोणता निरोप किती वेळ ठेवायचा, हे पेशी ठरवते.

सी-फॉस या जनुकाचा निम्मा एमआरएनए १५-२० मिनिटांत संपतो. हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाचा दिवसाहून अधिक टिकतो. मेख असते प्रथिनाचा मजकूर संपल्यानंतरच्या भागात. सी-फॉसमध्ये तिथे एयूयूयूए ही अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. त्यांना चिकटणारी प्रथिने शेपटी कातरणारी एन्झाइमे बोलावून घेतात. दोनेकशे ‘ए’ अक्षरांची ही शेपटी आखूड झाली की दुसऱ्या टोकाची टोपी उडते आणि उघड्या टोकाकडून आरएनए कुरतडला जातो. अल्फा ग्लोबिनमध्ये त्याच जागी ‘सी’बहुल पट्टा आहे, त्यावर बसलेले प्रथिन शेपटी राखते. म्हणून तर केंद्रक टाकून दिलेली कोवळी तांबडी पेशी जुन्याच निरोपांवर दोन-तीन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते.

पेशी निरोप तपासतेही, पण ढोबळपणे. निरोपाचे तुकडे जोडून तो तयार होतो; त्यातल्या शेवटच्या सांध्याच्या ५०-५५ अक्षरांहून आधीच ‘थांबा’ हा संकेत आला, तर निरोप फाडला जातो. बीटा थॅलेसेमियाच्या (बीटा ग्लोबिन कमी किंवा अजिबात न बनण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) काही प्रकारांत हेच होते. सिकलमध्ये बीटा ग्लोबिनच्या निरोपात जीएजी या तीन अक्षरांचे जीयूजी होते, एवढेच. वाक्य पूर्ण असल्याने तपासणीत ते सुटते, निरोप टिकतो आणि चुकीचे प्रथिन भरपूर बनते.

याचा उपयोग रिपोर्ट वाचताना होतो. ‘ए’ म्हणजे नेहमीचे हिमोग्लोबिन, ‘एस’ म्हणजे सिकलचे. साध्या वाहकात (एएस: एका पालकाकडून ए, दुसऱ्याकडून एस) दोन्ही निरोप टिकतात. एस साधारण ३५-४० टक्के, ए त्याहून जास्त. एस जास्त आणि ए कमी दिसला, तर दुसरीकडून थॅलेसेमिया आला असावा. ए अजिबात नसेल तर इलेक्ट्रोफोरेसिसवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या चाचणीवर) तो रुग्ण एसएससारखाच, म्हणजे दोन्ही पालकांकडून एस आलेल्यासारखाच दिसतो. मग एचपीएलसी या प्रत्येक प्रकाराची टक्केवारी मोजणाऱ्या चाचणीवर ए२ या एरवी थोड्या असणाऱ्या हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि आईवडिलांचे रक्त पाहावे लागते. आश्रमशाळांच्या शिबिरांतली सोल्युबिलिटी चाचणी यातला कुठलाच फरक दाखवत नाही; रक्तात एस आहे, इतकेच ती सांगते. आणि रक्त चढवले असेल तर पुढचे तीन महिने ही टक्केवारी धरू नये.

– जीवशास्त्राचे काही शिक्षक,
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली