नारळ देण्याआधी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकन फुटबॉलमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेला खेळाडू अपेक्षेला उतरला नाही, तर संघाने त्याला किती काळ सांभाळावे, याविषयीची मते आपल्या क्रीडापानावर वाचली. दोन हंगामांत चमकला नाही तर सरळ नारळ द्यावा, असा बहुतेकांचा सूर आहे. मला तो मान्य नाही.

एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आदल्या हंगामात सर्वांत वाईट कामगिरी केलेल्या संघाला पहिली निवड मिळते. त्यामुळे बहुधा सर्वांत गुणी तरुण सर्वांत विस्कटलेल्या संघाच्या वाट्याला जातो. तिथे क्वार्टरबॅकला (आक्रमणाचे नेतृत्व करून चेंडू फेकणाऱ्या खेळाडूला) संरक्षण देणारी फळी कमकुवत असते आणि ज्या प्रशिक्षकाने त्याला घडवायचे, त्याचीच नोकरी टांगणीला लागलेली असते. अशा ठिकाणी तो अडखळला तर दोष कोणाचा किती, हे आधी तपासायला हवे.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने 2005 मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या अॅलेक्स स्मिथ या क्वार्टरबॅकने पहिल्या हंगामात 1 टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारी फेक) आणि 11 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेल्या फेकी) अशी लाजिरवाणी कामगिरी केली होती. पण पुढे खांद्याच्या दुखापतीने 2008 चा संपूर्ण हंगाम वाया गेला आणि पहिल्या पाच वर्षांत आक्रमणाची सूत्रे पाच वेगवेगळ्या प्रशिक्षकांकडे गेली, म्हणजे दर वर्षी नवी परिभाषा आणि नव्या चाली पाठ करणे आले, हे कोणी लक्षात घेत नाही. 2011 मध्ये जिम हार्बो मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्याच स्मिथसह संघाने 16 पैकी 13 सामने जिंकले. जानेवारी 2012 मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात 9 सेकंद उरलेले असताना त्याने 14 यार्डांवरून फेकलेला चेंडू सहकारी व्हर्नन डेव्हिसने गोलरेषेवर झेलला आणि डेव्हिस रडतच मैदानाबाहेर आला. त्या क्षणासाठी संघाने सात हंगाम वाट पाहिली होती.

पैशांचे गणितही घाईच्या बाजूचे नाही. साइनिंग बोनस, म्हणजे करारावर सही करताना मिळणारी रक्कम, सॅलरी कॅपमध्ये (संघाच्या वार्षिक मानधनखर्चाच्या मर्यादेत) कराराच्या वर्षांवर विभागून धरला जातो; खेळाडूला मुदतीआधी मुक्त केले की उरलेला भाग एकदम अंगावर येतो, आणि 1 जूननंतर मुक्त केल्यास तो दोन वर्षांत विभागतो इतकेच. शिवाय लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतील 2011 च्या करारानंतर नवोदितांचे मानधन पुष्कळ खाली आले आहे, त्यामुळे वाट पाहणे पूर्वीइतके महाग राहिलेले नाही.

मात्र केवळ निवड चुकल्याची कबुली नको म्हणून खेळाडूला धरून ठेवणे मला तितकेच चुकीचे वाटते. 2007 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेला क्वार्टरबॅक जामार्कस रसेल ओकलंड रेडर्सकडून पहिल्यापासून खेळलेल्या 25 सामन्यांपैकी 7 जिंकला, आणि तिसऱ्या हंगामात त्याचे निम्म्याहून कमी पास सहकाऱ्यांच्या हाती पोहोचले. तिथे सुधारणेची दिशाच उलटी होती. मे 2010 मध्ये संघाने त्याला मुक्त केले, ते योग्यच झाले.

ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील खेळाडूच्या पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे त्याचा चार वर्षांचा करार एका वर्षाने वाढवण्याचा संघाचा हक्क, वापरायचा की नाही, हे संघाला तिसऱ्या हंगामानंतर मे महिन्याच्या सुरुवातीला ठरवावेच लागते. निर्णयाची वेळ माझ्या मते तीच आहे. तोपर्यंत त्याला एकच प्रशिक्षक आणि एकच पद्धत मिळावी. तरीही प्रगती दिसली नाही, तर सराव शिबिराच्या बऱ्याच आधी त्याला मोकळे करावे, म्हणजे दुसऱ्या संघात जागा शोधायला त्याला पुरेसा वेळ मिळेल.

आपला,
एक नियमित वाचक