दोन-तीन महिन्यांत कमरेपर्यंत केस

अटलांटा, २८ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न.

संक्रांतीच्या व्हिडिओ कॉलवर तू तुझ्या त्या खणखणीत आवाजात विचारलंस, "अगं, त्या पोरीचे केस दिवाळीला कानाएवढे होते, आता कमरेपर्यंत कसे आले? कुठलं तेल लावते विचार तिला." ती पोरगी, म्हणजे माझी ब्लॅक (आफ्रिकन वंशाची) शेजारीण, तेव्हा माझ्या बाजूलाच तिळगूळ चघळत बसली होती. मराठी तिला येत नाही, पण तू स्वतःच्या अंबाड्याला हात लावून खूण केलीस ती तिला बरोबर कळली आणि ती खो खो हसत सुटली. मी विषय बदलला. मे महिन्यात तू आणि काका इकडे येणार, तिची तुमची रोज गाठ पडणार, म्हणून आताच सगळं लिहून कळवते. फोनवर तू मधेच बोलतेस आणि माझं सांगायचं राहून जातं.

तेलाचा काही संबंध नाही. ते केस बाजारातून आणलेत आणि तिच्या केसांवर शिवलेत. हो, सुईदोऱ्याने. याला इथे वीव्ह म्हणतात. नाक मुरडण्याआधी आपल्या आजीचं गंगावन आठव. दाराआडच्या खिळ्याला टांगलेलं असायचं, आणि लग्नाकार्याला खोपा घालायचा झाला की पहिल्यांदा ते शोधलं जायचं. आजीला स्वतःच्या केसांची लाज वाटते असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

एका शनिवारी मी तिच्याबरोबर सलूनमध्ये गेले होते. नुसती बघत बसले. आधी तिचं डोकं धुतलं, वाळवलं, केस विंचरून मोकळे केले. मग टाळूला चिकटून जाणाऱ्या बारीक वेण्या घातल्या, कपाळापासून मानेपर्यंत. यांना कॉर्नरो म्हणतात. विकतचे केस एका अरुंद पट्टीवर ओळीने टाचलेले असतात. ती पट्टी वेणीवर धरायची आणि बाकदार सुईने, जाड दोऱ्याने वेणीलाच शिवायची. मानेकडून सुरुवात आणि वर वर जायचं. शिवणारी बाई दातात दोरा धरून चर्चमधल्या कुणाच्या तरी लग्नाची खबरबात देत होती, आणि हात मशीनसारखे चालू. शेवटी पुढचे थोडे स्वतःचे केस भांगाशी मोकळे ठेवून जोडावरून फिरवतात, म्हणजे शिवण दिसत नाही. सगळ्याला तीन-चार तास लागले. हे सहा ते आठ आठवडे टिकतं, मग उसवून डोक्याला विश्रांती द्यायची. केसांचेच दोन-तीनशे डॉलर, शिलाई वेगळी. आणि पहिल्या रात्री टाळू इतकी ताणलेली असते की उशीवर डोकं टेकवत नाही.

मग एवढा खटाटोप कशाला? मलाही आधी वाटायचं, गोऱ्यांसारखं दिसायची हौस असेल. मी तसं स्पष्ट विचारलं नाही, पण ती माझ्या चेहऱ्यावरून समजली असावी. म्हणाली, "मी लाल केस लावते तेव्हा कोणाची नक्कल करते सांग बघू?"

खरं कारण एक नाहीच, आणि ते बाईगणिक वेगळं आहे. तिचं पहिलं कारण अगदी घरगुती आहे: वेळ. तिच्यासारखे घट्ट कुरळे केस दिसायला राकट, पण असतात भलते नाजूक. आपल्या सरळ केसांवरून टाळूचं तेल आपोआप खाली उतरतं. तिच्या केसाला एवढी वळणं की ते टोकापर्यंत पोचतच नाही. केस कोरडा पडतो आणि वळणावर तुटतो. रोज विंचरलं तर आणखी तुटतो. म्हणून आठवड्यातला अख्खा रविवार केसांचा: धुणं, कंडिशनर, बोटांनी गुंता सोडवणं, पेडपेड करून बांधणं. एकटी बाई, बँकेतली नोकरी, शाळेतला मुलगा. वीव्ह घातलं की आतले केस वेण्यांत गुपचूप राहतात, रोजच्या ओढाताणीतून सुटतात आणि तेवढ्या अवधीत वाढतातही. सकाळी पाच मिनिटांत बाई तयार.

दुसरं कारण मात्र घरगुती नाही. ती सात-आठ वर्षांची असल्यापासून तिची आई दर ईस्टरच्या आधी तिच्या डोक्याला रिलॅक्सर लावायची. केस सरळ करायची क्रीम. जुन्या प्रकारच्या क्रीममध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा, ज्याने साबण करतात तोच. चरचरलं तरी थोडा वेळ सोसायचं, नाहीतर केस "बसत" नाहीत. तिच्या कानामागे अजून पांढरा डाग आहे. आईला दोष देऊ नकोस हं. पोरीला शाळेत कुणी हसू नये एवढाच तिचा हेतू. २०२२ मध्ये इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेतेहतीस हजार बायकांची माहिती दहा-अकरा वर्षं ठेवली होती. केस सरळ करायची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, आणि वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के निघालं. वापरणाऱ्यांमध्ये ६० टक्क्यांच्या आसपास ब्लॅक बायका. ते वाचून हिने क्रीम कायमची बंद केली, केस मुळापाशी कापून टाकले. तू दिवाळीत पाहिलेस ते तेच, नव्याने वाढणारे. ते हवे तेवढे लांब होईपर्यंत वीव्ह.

तू म्हणशील, मग आखूडच ठेवायचे, कोण काय म्हणतंय! म्हणतात ना. पहिल्या नोकरीत हिच्या साहेबाने एकदा बाजूला घेऊन "जरा नीटनेटकं दिसत जा" सांगितलं होतं, आणि त्या दिवशी तिचे केस स्वच्छ धुतलेले, मोकळे, जसे उगवतात तसे होते. शेजारच्या अलाबामात मोबील शहरात २०१० मध्ये एका ब्लॅक बाईला फोनवर बोलायची नोकरी मिळाली होती. फोनवर! केसांच्या जटा, म्हणजे ड्रेडलॉक्स, काढल्याशिवाय घेणार नाही म्हणाले. खटला झाला. २०१६ मध्ये अपील कोर्टाने कंपनीची बाजू धरली: वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, म्हणून हा भेदभाव नव्हे. कायद्याचा कीस मला कळत नाही, पण त्या बाईचं काम गेलं एवढं कळतं. पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिल्यांदा क्राउन ॲक्ट नावाचा कायदा करून असा भेद बंद केला, मग बऱ्याच राज्यांनी केला. देशभरासाठीचं विधेयक २०२२ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडकलं.

ही कटकट आजची नाही. लुइझियानात १७८६ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने फतवा काढला की गुलाम नसलेल्या ब्लॅक बायकांनीसुद्धा केसांचा शृंगार करू नये, डोक्याला फडकं बांधावं. बायकांनी बांधलं की, पण असं रेशमी, रंगीबेरंगी आणि ऐटीत की सगळ्यांच्या माना वळल्या. मला हा किस्सा फार आवडतो. याच लुइझियानात जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर या बाईचे टाळूच्या रोगाने केस गळत होते. तिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांच्या औषधांचा धंदा काढला आणि हजारो ब्लॅक बायकांना दारोदार विक्रीचं काम मिळवून दिलं. शिवून लावायच्या पद्धतीचं पेटंटही १९५२ मध्ये क्लीव्हलँडच्या क्रिस्टिना जेन्किन्स या ब्लॅक बाईचंच. त्याआधी पिना लावून भागवायचे, त्या निसटायच्या.

सगळ्या ब्लॅक बायका वीव्ह लावतात असं समजू नकोस. हिच्या धाकट्या बहिणीला ते मुळीच पटत नाही. तिने जटा राखल्यात आणि जेवणाच्या टेबलावर दोघी यावरून कचाकचा भांडतात. बहीण म्हणते, आपण सरळ केसांना "चांगले केस" मानतो म्हणून हे चालतं. ही म्हणते, मी दिवसभर कष्ट करते, आरशात मला काय आवडावं ते मी ठरवीन. मला दोघींचंही पटतं. मात्र एका बाबतीत बहीण खरी: फार घट्ट आणि सतत शिवलं तर कपाळाकडचे केस मुळापासून जातात, काहींचे परत येतच नाहीत. उलट, ज्यांचे केस आधीच गेलेत त्यांना वीव्ह नाहीतर विग आधार होतो. बोस्टनच्या खासदार अयाना प्रेसली यांचे सगळे केस आजाराने गेले, तेव्हा २०२० च्या जानेवारीत त्यांनी विग काढून तुळतुळीत डोकं कॅमेऱ्यासमोर दाखवलं. तेवढी छाती प्रत्येकीची कुठे असते! आणि नुसती हौस हेही कारण आहेच, ते विसरू नकोस. वाढदिवसाला तिने तांबूस कुरळे लावले होते, काय खुलून दिसत होती.

आता तुझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. हे केस येतात कुठून? दुकानात पाकिटांवर ब्राझिलियन, पेरूव्हियन अशी नावं असतात, ती बहुतेक नुसतीच नावं. माल मुख्यतः भारताचा आणि चीनचा. तू हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपतीला जाऊन कल्याणकट्ट्यावर केस दिलेस ना, त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं. वर्षाला शंभर कोटींच्या वर उत्पन्न येतं. मुळापासून टोकापर्यंत एका दिशेने राहिलेले म्हणून ते सगळ्यात महाग. दारावर "केसावर फुगे" ओरडत येणारा आपला गुंतवळ नेतो, तोही वाया जात नाही. कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरात बायका तो हाताने एकेक केस सोडवून लांबीप्रमाणे लावतात. तो हलका माल. इकडे विकणारे दुकानदार बरेचसे कोरियन. १९६०च्या दशकात अमेरिकेने चिनी केसांवर बंदी घातली तेव्हा दक्षिण कोरियाच्या विगांना बाजार मिळाला, आणि इथे आलेल्या कोरियन लोकांनी दुकानं टाकली ती आजतागायत. म्हणजे केस आपले, दुकान त्यांचं, डोकं हिचं. तुझेच केस तिच्या डोक्यावर असतील अशी सिनेमातली कल्पना लढवू नकोस. शेजारणीला मी तिरुपतीचं सांगितलं तर तिने पहिला प्रश्न विचारला, "त्या बायकांना पैसे मिळतात का?" नाही म्हटल्यावर गप्प झाली, मग म्हणाली, "पण त्यांनी ते विकायला दिलेच नव्हते ना." याचं उत्तर तूच येऊन दे, मला नीट जमलं नाही.

इथे आल्यावर काय करायचं ते आधीच सांगून ठेवते. कितीही मोह झाला तरी तिच्या केसांना हात लावायचा नाही. ऑफिसात, दुकानात अनोळखी लोक न विचारता तिच्या डोक्यात हात घालतात, तिला त्याचा वीट आलाय. "खरे की खोटे?" हेही विचारायचं नाही. ती मधेच स्वतःच्या डोक्यावर तळहाताने टपाटप चापट्या मारताना दिसली तर डोकं दुखतंय समजून बाम काढू नकोस. आतून खाज येते आणि शिवलेल्या डोक्यावर नखं चालत नाहीत, म्हणून तसं करतात. रात्री आठनंतर ती साटिनची टोपी घालून कचरा टाकायला येते, तेव्हा काकांनी आजारी आहे का म्हणून चौकशी करू नये. बाकी तिला भरपूर बोलायला आवडतं. तुझं इंग्रजी तिला कळेल, तिचं तुला कळायला दोन दिवस जातील.

येताना कांदा-लसूण मसाला दोन किलो आण, एक किलो तिच्यासाठी. मागच्या वेळचा तिने चिकनला लावून संपवला. नीट पॅक करून मोठ्या बॅगेत ठेव, हातातल्या पिशवीत नको. आणि काकांच्या साखरेच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत टाईप करून घ्या.

दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझी भाची