‘इतके दिवस गप्प का होती?’

संपादक महोदय, स.न.वि.वि.

बलात्काराची बातमी आली की लोकलच्या डब्यात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तीन प्रश्न ठरलेले असतात. ती तिथे गेलीच कशाला, ओरडली का नाही आणि इतके दिवस गप्प का होती.

पहिल्याचे उत्तर लवकर संपते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे शंभरातल्या ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, वरिष्ठ. मग रात्रीचा, रस्त्याचा आणि कपड्यांचा संबंध येतोच कुठे? २०१३ मध्ये मुंबईतल्या बंद शक्ती मिलमध्ये सामूहिक बलात्कार झालेली छायाचित्रकार तिथे संध्याकाळी, कामासाठी, पुरुष सहकाऱ्यासोबत गेली होती. ‘सोबत कुणी असावे’ हा सल्लाही तिथे तोकडा पडला.

ओरडण्याचे म्हणाल, तर दातखीळ बसणे, वाचा बसणे, हातपाय गळणे हे शब्द मराठीत कुठून आले? समोर नाग दिसला आणि माणूस जागच्या जागी थिजला, तर त्याला ‘पळाला का नाहीस’ असे कुणी दरडावत नाही. जखमांचेही तेच. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना डॉक्टरांना सांगतात की दिसतील अशा जखमा साधारण एक तृतीयांश प्रकरणांतच सापडतात. जखम नाही म्हणजे संमती होती, हा निष्कर्ष आपल्याच राज्यातल्या मथुरा नावाच्या आदिवासी मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही काढला आणि पोलीस ठाण्यातले दोन आरोपी पोलीस सुटले. त्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी न्यायालयाला खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायद्यात स्पष्ट आहे: तिने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती ठरत नाही. तिच्या चारित्र्याचा काथ्याकूट करण्याची मुभा देणारे कलमही दोन दशकांपूर्वीच गेले. नाक्यावर मात्र ते अजून लागू आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत महाग पडतो. घरात कळल्यावर अनेकदा पहिले वाक्य असते, ‘आधी आंघोळ कर.’ यामागे माया असते, विटाळाची कल्पनाही असते. कपडे साबणाच्या पाण्यात भिजतात आणि त्या बादलीतून निम्मा पुरावा मोरीत जातो. मग ‘लोक काय म्हणतील’ यावर दोन-तीन दिवस खल. तोवर घड्याळ थांबत नाही. एचआयव्ही रोखणारे औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावे लागते आणि पुढे २८ दिवस घ्यावे लागते. गर्भधारणा टाळणारी गोळी जितकी उशिरा, तितकी कमी लागू पडते. योनीमार्गातील नमुन्यांत ९६ तासांनंतर काही सापडण्याची शक्यता फार उरत नाही. ओरखडे त्याआधीच फिकटतात. म्हणजे लोकांच्या तोंडाच्या भीतीने उशीर घडवायचा आणि त्या उशिराचा जाब तिलाच विचारायचा. उशिरा तक्रार केली एवढ्यानेच ती खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये गुरमित सिंग खटल्यात सांगून ठेवले आहे.

म्हणून पहिले वाक्य बदलावे: ‘आहे तशी चल, दवाखान्यात जाऊ.’ कपडे बदलायचेच असतील तर स्वच्छ कागदावर उभे राहून बदलावेत आणि प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. ओला असल्यास आधी सावलीत वाळवावा, झटकू नये. प्लास्टिकची पिशवी अजिबात नको. आत दमटपणा कोंडतो, बुरशी धरते, डीएनए खराब होतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर लवकरच. आंघोळ झाली असली, चार दिवस उलटले असले, तरी जावेच. उपचार तर हवेतच आणि काही पुरावा तरीही मिळू शकतो. पोलिसांचे पत्र आणण्याची गरज नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत उपचार करायचे आहेत. नाकारणे गुन्हा आहे. तपासणीला तिची संमती लागते. योनीमार्गात दोन बोटे घालून केली जाणारी ‘टू फिंगर टेस्ट’ करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल सांगतो. ‘ही आमची हद्द नाही’ असे कोणत्याही पोलीस ठाण्याला म्हणता येत नाही, झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता घेतलेली तक्रार, तिथेच नोंदवावी लागते.

आता थोडे वृत्तपत्रांविषयी. ‘अब्रू लुटली’ हे शब्द छापून येतात तेव्हा अब्रू गेली ती तिची, असाच अर्थ वाचकापर्यंत पोहोचतो. ज्याने गुन्हा केला त्याची अब्रू गेल्याचे कधी वाचनात आले नाही. शिवाय ‘नाव बदलले आहे’ अशी टीप द्यायची आणि वर चाळीचे नाव, शाळा, वडिलांचे दुकान कुठल्या गल्लीत, हे सगळे द्यायचे! भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये फक्त नाव नव्हे, तर ओळख पटेल असा कोणताही मजकूर छापण्यास मनाई आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. गल्लीतल्या माणसाला मुलगी कोण हे कळायला दुकानाची पाटी पुरते.

— एक वैद्यकीय समाजसेविका, परळ, मुंबई